आई पाचला उठते तेव्हा जर्मनीत रात्रीचे साडेबारा

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बीएस्सी नर्सिंग केलं, नागपुरात राहून जर्मन शिकले, बी-टूची परीक्षा पास झाले आणि सप्टेंबरात स्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात दवाखान्यात रुजू झाले. पहिला महिना छान गेला. दिवाळीपासून मात्र ड्युटीवरून खोलीवर आले की रडू येतं. भात लावते आणि तो तसाच राहतो. वॉर्डातले म्हातारे पेशंट बोलतात ते अर्धं समजत नाही, मग वाटतं मी जर्मन शिकलेच नाही. आई पहाटे पाचला उठते तेव्हा इथं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. मी तोवर जागी राहते, फोन लावते आणि चालूच ठेवते. आई चहा मांडते, बाबा ढोरांजवळ जातात, ते ऐकत झोप लागते. साडेचारला पुन्हा उठायचं असतं. आईला सांगते, मी मजेत आहे. माझ्यासाठी आईचं सोनं गहाण आहे, भावाचं कॉलेज व्हायचं आहे. यंदा वेचणीला मजूर मिळाले नाहीत म्हणून बाबांनी स्वतः कापूस वेचला, त्यांची कंबर धरली आहे. आणि मी इथं गरम खोलीत बसून रडते, याची लाज वाटते. परत आले तर गावात काय तोंड दाखवू? मी कमजोर आहे का? – तुमची एक लेक"

लेकी,

रडण्याबद्दल तू पुष्कळ लिहिलंस, पण माझी नजर अडकली ती दोन वेळांवर. साडेबाराला फोन लावतेस आणि साडेचारला उठतेस. म्हणजे जेमतेम चार तास झोप, तीही कानाशी फोन चालू ठेवून. तू नर्स आहेस. एखाद्या पेशंटला दोन-अडीच महिने रोज एवढीच झोप मिळाली, तो जेवेनासा झाला, सारखा रडू लागला, तर तू त्याला कमजोर म्हणशील का? आधी त्याची झोप बघशील. स्वतःच्या बाबतीतही तिथूनच सुरुवात कर.

त्यात हा हिवाळा. यवतमाळकडे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा असतो. स्टुटगार्टला तो सव्वाआठ तासांचा. सूर्य उगवतो सव्वाआठच्या सुमारास आणि मावळतो साडेचारला. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधून कॉलेजात गेलेल्या आपल्या पोरींना ऊन कमी पडल्याचाही त्रास होऊ शकतो, हे मनातही येत नाही. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला ऊन जास्त लागतं, आणि जर्मनीत साधारण ऑक्टोबर ते मार्च त्या उन्हातून ते जवळजवळ मिळतच नाही. तिथल्या फॅमिली डॉक्टरला सांगून रक्त तपासून घे, गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नको. आणि सकाळची ड्युटी संपली की खोलीवर जायच्या आधी अर्धा तास उजेडात चाल. आभाळ भरलेलं असलं तरी चाल. एकदा खोलीत शिरलीस की मग बाहेर पडवत नाही, हे तुलाही माहीत आहे.

पहिला महिना छान गेला आणि मग बिघडलं, याचं तुला कोडं पडलं आहे. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकातच हे मांडलं होतं. परक्या देशात गेलेल्या माणसाचे पहिले आठवडे नवलाईत जातात, नवलाई सरली की मन खचतं, आणि मग हळूहळू रुळत जातं. सगळ्यांचं याच क्रमानं होतं असं नाही, पण तुझं तसं झालेलं दिसतं. शिवाय वेळ कोणती, तर दिवाळीची. सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी सुरू झालेली, पुण्या-नागपूरला शिकणारी पोरं गावात आलेली, घराघरात चकल्यांचा वास. तुझ्या वॉर्डात मात्र तो रोजच्यासारखाच एक दिवस होता. त्या आठवड्यात तुला काही झालं नसतं तरच मला नवल वाटलं असतं.

आता फोनचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तुझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा तीही एक घर मागे सोडूनच आली होती. तुझी आजी तर बंडीत बसून आली असेल. त्या बायांच्या आठवणीची आपल्याकडे काही एक सोय लावलेली होती. आखाडीला, दिवाळीला मुराळी यायचा, लेक माहेरी जायची, चार दिवस राहून परत यायची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. त्या गाण्यांतली सून माहेरी जायचं विचारते आणि सासू एकेक काम पुढे करत जाते. घरची ओढ आपल्या पोरींनी अंगणात, टिपऱ्या वाजवत, सगळ्यांदेखत गायलेली आहे. ती लपवावी असं कोणाला वाटलं नाही. मी त्या काळाचं कौतुक करत नाही. त्या बायांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि कित्येकींना वर्ष वर्ष माहेर दिसलं नाही. पण त्या रीतीतली एक गोष्ट शहाणपणाची होती, ती म्हणजे भेटीची वेळ ठरलेली असायची. मुराळी येईपर्यंत सासरच्या विहिरीवर पाणी भरायचं, शेजारणीशी बोलणं वाढवायचं, आणि तो आला की गाठोडं बांधायचं. तुझ्या फोनला अशी वेळच नाही. म्हणून तू घरून अजून निघालीच नाहीस, आणि घरी पोचतही नाहीस.

पहाटेचा फोन बंद कर. फोन तोड असं मी म्हणत नाही, त्याला वेळ लावून दे. सकाळची ड्युटी असेल तेव्हा तुझ्या दुपारच्या तीनला आईकडे साडेसात वाजलेले असतात, भाकरी थापायची वेळ. अर्धा तास बोल आणि ठेवून दे. दुपारची ड्युटी असेल तेव्हा तुझ्या सकाळच्या नऊला लाव. घरी दीड वाजलेला असतो, आई वावरात असली तरी शिदोरी सोडून बसलेली असेल. सुट्टीच्या दिवशी मनसोक्त बोल. राहिला तो पहाटेचा आवाज. तो तुला झोपवतो, हे मला समजतं. भावाला सांग, एका पहाटे दहा-पंधरा मिनिटं नुसतं रेकॉर्डिंग करून पाठव म्हणून. रात्री दहाला ते लाव, ते आपोआप बंद पडेल, आणि तुला साडेबारापर्यंत जागावं लागणार नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातील आणि आईचे पाच म्हणजे तुझा रात्रीचा दीड होईल. तोवर ही सवय सुटलेली बरी.

आईला खरंही सांगून टाक. मजेत असलेली लेक मध्यरात्री जागी राहून फोन लावत नाही, एवढं त्या माऊलीला कळत नसेल असं समजू नको. तू लपवतेस म्हणून तीही विचारत नाही, आणि दोघी एकमेकींना सांभाळत झुरता. तिला सरळ म्हण, "आई, मले तुमची लय याद येते. कधी कधी रडू येते. पण काम करून राहिली मी, आन् जेवणाकडेही लक्ष देतो म्हणलं आता." आणि मग विचार, "तू पहिल्या वर्षी इथी कशी राहिली होती, सांग ना मले." हे तिला आजवर कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. बाबांचं वेगळं असेल. "हं, बरी हायेस ना?" म्हणून ते फोन आईकडे देत असतील. त्यांच्याशी वावराचं बोल. तूर कशी आहे, फरदड ठेवणार की उपटणार, कापसाला काय भाव सांगितला. त्यावर ते बोलतील.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या पत्रातलं सगळंच काही घरच्या आठवणीचं नाही. गहाण सोनं, भावाचं कॉलेज, बाबांची कंबर, गरम खोलीची लाज, हा बोजा आहे. आठवण आणि बोजा एकत्र कालवले गेले की दोन्ही दुप्पट वाटतात. आठवण येते आणि ओसरते, तिचं फार काही करावं लागत नाही. बोजाचा मात्र हिशेब मांडावा लागतो, आणि तो रात्री उशीवर मांडता येत नाही. दिवसा वही घेऊन बस. सोन्यावर किती घेतले, व्याज किती, दर महिन्याला तू किती पाठवू शकतेस, असं किती महिने. तुझ्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत तुला मदतनीसाचा पगार असेल, मान्यता मिळाली की नर्सचा. म्हणजे हिशेबाची दोन पानं होतील, आताचं आणि नंतरचं. सोनं खासगी सावकाराकडे असेल तर भावाला बँकेत पाठवून सोनेतारण कर्जाचा दर विचारायला सांग. फरक बराच असतो. ते सोनं कोणत्या महिन्यात सुटेल हे कागदावर दिसलं की त्याची टोचणी कमी होईल, याची मला खात्री आहे.

बाबांच्या कंबरेसाठी तुझी लाज काही कामाची नाही, तुझं शिक्षण कामाचं आहे. त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला लाव, कागदांचे फोटो मागव, गोळ्या कशा घ्यायच्या ते तूच समजावून सांग. वेचणीला मजूर न मिळणं ही आज सगळ्या विदर्भाची अडचण आहे. तू यवतमाळात नोकरीला असतीस तरी वेचणीच्या दिवसांत ड्युटीवरच असतीस. आणि खोली गरम असते ती तिथं त्याशिवाय माणूस जगत नाही म्हणून. त्यात लाज कसली?

भाषेचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला वाटतं रोजचा घाव तिथेच बसतो आहे. स्टुटगार्टच्या भागातली म्हातारी माणसं श्वेबिश ही तिथली बोली बोलतात. उत्तर जर्मनीतून आलेल्या माणसालाही ती पटकन उमगत नाही. तू शिकलीस ती पुस्तकातली जर्मन, ते बोलतात ती गावची. तू स्वतः घरी वऱ्हाडी बोलत वाढलीस आणि शाळेत पुस्तकातली मराठी शिकलीस. एकाच भाषेची दोन रूपं सांभाळायची सवय तुला लहानपणापासून आहे, तुझ्याबरोबरच्या पुष्कळ मुलींना ती नसेल. एक लहान वही खिशात ठेव. रोज एका पेशंटला एक शब्द विचार, देवनागरीतच लिहून घे, दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांना तो शब्द वापरून दाखव. आपली बोली कोणी शिकतं आहे म्हटल्यावर म्हातारं माणूस कुठलंही असो, खुलतं.

त्या वॉर्डात स्मृतिभ्रंश झालेले पेशंटही असतील. संध्याकाळ झाली की त्यांतले काही "मला घरी जायचं आहे" म्हणत उठू बघतात, हे तू पाहिलं असशील. दवाखान्यात आहात, उद्या जाल, असं समजावून त्यांचं समाधान होत नाही. त्यांना त्यांच्या घराबद्दल विचारलं की होतं. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं, अंगणात काय लावलं होतं, गाई होत्या का. तू खेड्यातली आहेस, हे प्रश्न तुला सुचतील आणि उत्तरंही समजतील. असं वाक्य ऐकून तुलाच भरून आलं तर दोन मिनिटं बाजूला जा, सोबतच्या नर्सला सांगून जा. त्यात कमीपणा नाही.

जेवणाचं. भात लावून तसाच ठेवतेस, कारण एकटीसाठी भाजी-भाकर करायचा जीव होत नाही. स्टुटगार्टच्या भारतीय दुकानांत तूरडाळ तर मिळतेच, ज्वारीचं पीठही मिळतं. ते जुनं असतं, विरी गेलेली असते, म्हणून भाकर चिरते. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून झाकून ठेव आणि मग मळ, थापता येईल. घरून पार्सल येणार असेल तर मुंगवड्या, सांडगे, वाळलेली अंबाडी, लाल तिखट हे मागव. पण तूप आणि पेढे नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत न्यायला किंवा पार्सलनं मागवायला बंदी आहे. आईनं कढवलेलं तूप विमानतळावर फेकून दिलेलं तुला सहन होणार नाही. आठवड्यातून एका दिवशी दोघी-तिघींचं वरण-भात-भाकर कर आणि कोणाला तरी जेवायला बोलाव. एकटीचं जेवण टळतं, पाहुणा येणार असेल तर टळत नाही.

बोलावू कोणाला, असं म्हणशील. दवाखान्यात केरळच्या नर्स आहेत का बघ. केरळातल्या मुली १९६०च्या दशकापासून चर्चच्या मार्फत जर्मनीत नर्सिंगला जात आल्या आहेत. तेव्हा घरचं पत्र यायलाच कितीतरी दिवस लागायचे. त्यांतल्या काही आता तिथेच निवृत्त झालेल्या आजी आहेत. कागदपत्रं, घरभाडं, हिवाळ्यातले बूट, सगळ्यातलं त्यांना कळतं. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला, संक्रांतीला जरूर जा. पण फक्त आपल्याच माणसांत राहू नको. तुझ्या शहरात आठवडी बाजार भरत असेल, बहुतेक सकाळी, मधल्या चौकात. दर वेळी त्याच एका बाईकडून कांदे-बटाटे घे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती तुला ओळखेल. परक्या गावात कोणी आपल्याला ओळखलं की त्या गावाचं परकेपण कमी होतं. जर्मन माणसं रस्त्यात गप्पा मारत नाहीत, त्यांची मैत्री होते ती मंडळांतून, म्हणजे गाण्याचं मंडळ, व्यायामाचं मंडळ, डोंगर चालणाऱ्यांचं मंडळ. प्रौढांसाठी स्वस्तात वर्ग चालवणाऱ्या नगरपालिकेच्या संस्थाही गावोगावी असतात. शिवण, स्वयंपाक, काहीही घे. रविवारी तिथं दुकानं बंद असतात आणि तोच दिवस अंगावर येतो, म्हणून रविवारचं काहीतरी शनिवारीच ठरवून ठेव.

एवढं करूनही काही गोष्टींकडे डोळेझाक करू नको. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप सुधारूनही भूक परतली नसेल, आपण नसतो तर बरं असा विचार एकदा जरी आला असेल, तर ती नुसती घरची आठवण नव्हे. लगेच डॉक्टरकडे जा. तिथला आरोग्य विमा मनाच्या उपचारांचाही खर्च देतो. रात्री-अपरात्री बोलायला टेलिफोनझेलझोर्गे नावाची सेवा आहे, नंबर ०८०० १११० १११, चोवीस तास आणि मोफत. तुझी बी-टू जर्मन त्यासाठी भरपूर आहे. जिवावरचं काही वाटलं तर थेट ११२. आणि इकडे आईला तुझ्या काळजीनं झोप लागत नसेल तर तिलाही नंबर दे. टेली मानस, १४४१६, सरकारी आणि मोफत, मराठीतही बोलतात.

परत येण्याचा निर्णय जानेवारीतल्या रात्री घेऊ नको, एवढंच माझं म्हणणं आहे. येऊच नको असं मी म्हणत नाही. आधी मान्यतेच्या परीक्षेची तारीख बघ. परीक्षा जड वाटत असेल तर त्याऐवजी जुळवून घेण्याच्या प्रशिक्षणाचा पर्याय असतो, तो दवाखान्यात विचार. नोकरीचा करार काढून वाच. मध्येच सोडल्यास खर्च परत द्यायची अट त्यात असू शकते, ती नीट समजून घे. सहा महिने पूर्ण झाले की वर्षाच्या पूर्ण रजेवर तुझा हक्क लागतो, आणि आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्यानं ती किमान २० दिवसांची असते. त्या रजेचं तिकीट आत्ताच बघ, पोळ्याच्या किंवा महालक्ष्म्यांच्या सुमाराचं. जाऊन ये, घरी राहा, आईबाबांसोबत त्या वहीतला हिशेब बघ. परत जाऊन दुसरा हिवाळा काढ आणि मग ठरव.

तेव्हाही यावंसंच वाटलं, तर ये. जर्मनीत काम केलेल्या नर्सला यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूर, कुठेही ताठ मानेनं काम मागता येईल. गावातली माणसं आठ दिवस बोलतील, आणि नवव्या दिवशी कोणीतरी बीपी मोजायला तुझ्याच ओसरीवर येऊन बसेल.

– तुझी ताई